खेळ बनवण्याची तालीम



या सदरात आम्ही बहुधा वर्गातल्या गोष्टी सांगतो. या वेळची गोष्ट घरातली आहे आणि तिची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून होते. ती सांगितल्याशिवाय पुढचे काही नीट सांगता येणार नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा दहावीनंतर अकरावी सायन्सला आमच्याकडे राहायला आला. त्याचे अब्बा कुवेतला नोकरीला. गावातून कॉलेज लांब पडते, आमच्याकडून चालत दहा मिनिटांवर. बहीण त्याला सोडायला आली तेव्हा दारात म्हणाली, "भाईजान, आता हा तुमच्या हवाली." अमानत म्हटली की माणूस जरा जास्तच सावध होतो. मुलगा किती वाजता उठतो, कुठे जातो, कोणाशी बोलतो, याच्यावर आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागलो.

एका रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठलो, तर त्याच्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता. दार ढकलले. लॅपटॉपवर एक निळा चौकोन पळत होता, उड्या मारत होता, खड्ड्यात पडत होता आणि पुन्हा पहिल्यापासून पळत होता. भाच्याने घाईने झाकण मिटले. आम्ही काही बोललो नाही. तेव्हाच दोन शब्द बोललो असतो तर बरे झाले असते. कारण ते बोलणे आम्ही दोन दिवसांनी, जुम्म्याच्या जेवणाला, दहा-बारा पाहुण्यांसमोर बोललो. "आमचे भाचेसाहेब इंजिनिअर व्हायला आलेत आणि रात्रभर चौकोन उडवत बसतात!"

दस्तरखानावर हशा पिकला. भाचा हसला नाही. त्याने ताटातला भात संपवला, हात धुतले आणि आत निघून गेला. संध्याकाळी लॅपटॉप आणून आमच्या टेबलावर ठेवला. "मामू, ठेवून घ्या." एवढेच म्हणाला.

आम्हाला वाटले, चला, पोराला समजले. रात्री नववीतली आमची मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "अब्बा, भाई गेम खेळत नव्हता. बनवत होता. पाच महिने झाले. आज सगळं डिलीट केलं त्याने."

वीस वर्षे आम्ही शिकवतो आहोत. बी.एड.च्या पाठ टाचणांपासून आजवर 'कृतीतून शिक्षण' हे दोन शब्द किती वेळा लिहिले असतील, त्याची गणती नाही. आणि आमच्याच घरात एक मुलगा कोणी न सांगता, कोणी न शिकवता, रात्री जागून कृतीतून शिकत होता, तेव्हा आम्हाला फक्त उडणारा चौकोन दिसला.

माफी मागायला हवी होती, हे त्याच रात्री कळले. पण ज्या गोष्टीला आपण हसलो, ती आहे तरी काय हे न कळता माफी मागणे तोंडदेखले झाले असते. निदान स्वतःची समजूत आम्ही अशी घातली. खरे कारण कदाचित मामूचा ताठा हेच असेल. काहीही असो, ठरवले की आधी एक खेळ आपण बनवून बघायचा. एकट्याने, इशानंतर रोज एक तास. भाच्याला सांगायचे नाही. तेव्हा आमचे वय सेहेचाळीस. संगणकाचा अनुभव म्हणाल तर प्रश्नपत्रिका टाईप करणे आणि सरल पोर्टलवर मुलांची माहिती भरणे, एवढाच.

मुलीने सांगितले की खेळ बनवायला 'गेम इंजिन' लागते. हे काय प्रकरण आहे, ते सोप्या शब्दांत सांगतो. बिर्याणी करायची तर चूल, पातेली, पाण्याचा नळ हे आपण स्वतः बनवत नाही, ते स्वयंपाकघरात असते. आपण तांदूळ, मसाला आणि हातचा अंदाज घेऊन जातो. गेम इंजिन हे असे तयार स्वयंपाकघर. पडद्यावर चित्र दाखवणे, आवाज वाजवणे, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या का हे ओळखणे, ही कामे ते करते. कोण आदळल्यावर काय व्हायचे, हे आपण सांगायचे.

अशी इंजिने बरीच आहेत. आम्ही गोडो निवडले, कारण ते पूर्ण मोफत आहे आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालते. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मांझुर या दोघांनी ते सुरू केले आणि २०१४ साली सगळ्यांसाठी खुले केले. त्यात सूचना लिहायची भाषा जीडीस्क्रिप्ट. ती पायथॉनसारखी आहे. कामापुरते इंग्रजी शब्द वीस-पंचवीस. ज्याला 'जर-तर'चे वाक्य कळते, त्याला सुरुवात करता येते.

सुरुवात करता येते म्हटले, जमते असे नाही. पहिले दहा-बारा दिवस आम्ही व्हिडिओ बघत बसलो. शिकवणारा जे टाईप करील ते आम्ही टाईप करायचो. त्याचा खेळ चालायचा, आमचाही चालायचा. मन खूश. मग एके रात्री व्हिडिओ बंद करून रिकाम्या पडद्यासमोर बसलो, तर पहिली ओळ सुचेना. गाईड पाठ करून परीक्षेला आलेल्या मुलाची प्रश्न थोडा फिरवला की जी अवस्था होते, तीच आमची झाली. दरवर्षी ज्या मुलांना आम्ही त्यावरून बोलतो, त्यांच्या बाकावर त्या रात्री आम्हीच बसलो होतो.

तेव्हा एक नियम केला. व्हिडिओ एकदाच बघायचा, मग बंद करायचा. तीच गोष्ट आठवून करायची आणि त्यात एक तरी बदल आपल्या मनाने करायचा. रंग बदला, वेग बदला, उडी उंच करा. बदल केला की मोडते. मोडले की का मोडले ते शोधावे लागते. जे काही शिकलो, ते त्या शोधण्यात शिकलो.

दोन उदाहरणे देतो. उडीची सूचना दिली, तर आमचा चौकोन वर जाण्याऐवजी जमिनीत घुसला. दोन रात्री गेल्या. आलेख काढताना आम्ही फळ्यावर सांगतो की वर जाल तसा 'वाय' वाढतो. इथे पडद्याचा शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि खाली जाल तसा 'वाय' वाढतो. उडी मारायची तर ऋण संख्या द्यावी लागते! गणिताच्या तासाला "सर, ऋण संख्या कशाला लागतात?" असे विचारणाऱ्या मुलांची आठवण झाली.

दुसरे उदाहरण वेगाचे. घरी संथपणे खाली येणारी वस्तू शाळेच्या संगणकावर दगडासारखी कोसळू लागली. कारण असे की पडद्यावरचे चित्र सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने काढले जाते. चांगल्या यंत्रावर साठ वेळा, आमच्या जुन्या लॅपटॉपवर त्याच्या निम्म्याने. प्रत्येक चित्रागणिक "पाच घरे सरक" असे सांगितले, तर जे यंत्र जास्त चित्रे काढते त्यावर वस्तू जास्त धावते. उपाय हा की चाल चित्रांच्या संख्येवर ठरवायची नाही, मधे गेलेल्या वेळेवर ठरवायची. त्या वेळेला गोडोत 'डेल्टा' म्हणतात. वेगाला डेल्टाने गुणले की दोन्ही यंत्रांवर खेळ सारखाच चालतो. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, हे आम्ही सातवीला शिकवतो. स्वतःला ते खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळले.

या काळात असे काम एकट्याने करणाऱ्यांविषयी बरेच वाचले. सगळ्यांत लक्षात राहिला तो लुआल मायेन. दक्षिण सुदानच्या युद्धातून आईवडील पळून जात असताना वाटेत त्याचा जन्म झाला. बावीस वर्षे युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत गेली. संगणक पहिल्यांदा पाहिला आणि आईला म्हणाला, मला हा हवा. आईने शिवणकाम करून तीन वर्षे पैसे साठवले आणि तीनशे डॉलर त्याच्या हातावर ठेवले. छावणीत वीज नव्हती. लॅपटॉप चार्ज करायला तो तीन तास चालत जायचा. मित्राने पेन ड्राइव्हवर आणून दिलेल्या धड्यांवरून तो शिकला आणि एक खेळ बनवला. युद्धापासून पळणाऱ्या माणसांना वाचवायचे, त्यांच्यासाठी पाणी आणि अन्न मिळवायचे, असा तो खेळ. नाव ठेवले 'सलाम'. छावणीतल्या मुलांनी तो एकमेकांच्या फोनवर पाठवून खेळला. पुढे मायेन अमेरिकेत वॉशिंग्टनला गेला, स्वतःची कंपनी काढली आणि २०१८ साली 'द गेम अवॉर्ड्स' या मोठ्या सोहळ्यात त्याचा गौरव झाला.

आम्ही त्या आईचा विचार करत राहिलो. संगणक म्हणजे काय, हे तिला तरी कुठे ठाऊक असणार! मुलगा काय करणार आहे हे कळले नाही, तरी तिने त्याच्या हातात साधन दिले. आम्ही शिकले-सवरलेले, आमच्या घरी लॅपटॉप होता, वीज होती, आणि आम्ही तो मुलाच्या हातून काढून घेतला. काढून कसला घेतला, त्याने स्वतःहून आणून द्यावा असे बोललो.

दुसरा माणूस अमेरिकेतला एरिक बॅरोन. २०११ साली कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतली, नोकरी मिळेना, म्हणून हात बसावा यासाठी शेतीवरचा एक छोटा खेळ बनवायला घेतला. चित्रे, संगीत, गोष्ट, सगळे एकट्याने शिकत शिकत केले. मधल्या काळात सिएटलच्या एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे कामही केले. साडेचार वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, 'स्टारड्यू व्हॅली' बाहेर आला. आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत.

हा आकडा वाचून कोणी मुलाचे कॉलेज सोडवू नये. असे नशीब हजारात एकाच्या वाट्याला येते. शिवाय बॅरोनकडे पदवी होती आणि घरखर्चाला जोडीदाराचा आधार होता. आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच आहे. त्याने सुरुवात सरावासाठी केली. आणि सरावाचे म्हणाल तर 'पाँग' नावाचा टेबल टेनिससारखा खेळ, ज्याने १९७२ साली व्हिडिओ गेमचा धंदा उभा राहिला, तोही सरावाचाच पाठ होता. अटारी कंपनीत नव्याने लागलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न या इंजिनिअरला हात साफ करायला म्हणून ते काम दिले होते. दोन फळ्या, एक चेंडू, वर दोघांचे गुण. आजही नवशिक्याने पहिला खेळ तोच बनवावा, असे जाणकार सांगतात. आम्हीही तोच बनवला. तीन आठवडे लागले.

मग स्वतःचा खेळ. विषय शोधायला लांब जावे लागले नाही. आमची मुले उर्दू माध्यमाची. मराठीत ती सगळ्यांत जास्त अडतात ती लिंगावर. उर्दूत मुज़क्कर आणि मुअन्नस, दोनच. मराठीत तिसरे नपुंसकलिंग येते आणि तिथे घोटाळा होतो. उर्दूतला 'पानी' पुल्लिंगी, मराठीतले 'पाणी' नपुंसकलिंगी. उर्दूत 'नाक' स्त्रीलिंगी, मराठीत 'ते नाक'. 'चाय' स्त्रीलिंगी, 'चहा' पुल्लिंगी. मुले घरच्या सवयीने "माझा घर", "माझी नाक" लिहितात आणि आम्ही लाल पेनने गोल करतो. म्हणून खेळ असा योजला: वरून शब्द खाली येतो, तळाशी 'तो', 'ती', 'ते' अशा तीन टोपल्या. शब्द डावी-उजवीकडे सरकवून योग्य टोपलीत पाडायचा. झाले.

'झाले' म्हणायला चार महिने लागले. एकट्याने काम म्हणजे चित्रकार आपणच, सुतार आपणच, हिशेबनीसही आपणच. चित्रे आम्हाला येत नाहीत. नेदरलँड्समधल्या केनी नावाच्या संस्थेने हजारो चित्रे कोणीही वापरावीत म्हणून मोफत ठेवली आहेत, त्यांतून घेतली. आवाज मुलीने पातेल्यावर चमचा वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करून दिले. आणि अक्षरांनी तर रडवले. जुना लॅपटॉप म्हणून आम्ही गोडोची जुनी आवृत्ती घेतली होती. तिला आपल्या लिपी जोडता येत नसत. 'खिडकी' लिहिले की पडद्यावर 'खडिकी' दिसायचे. खाली उर्दू अर्थ द्यावा, तर एकेक हर्फ सुटा आणि तोही उलट्या बाजूने. शेवटी कळले की २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत हे दुरुस्त झाले आहे आणि तीही जुन्या यंत्रावर चालेल अशी सोय आहे. निम्मे काम नव्याने करावे लागले. पण पडद्यावर नस्तालिक उर्दू आणि देवनागरी मराठी एकाखाली एक नीट उमटली, तेव्हा आम्ही घरच्यांना झोपेतून उठवून दाखवली. त्यांनी बघितले आणि विचारले, "किती वाजले?"

खेळ तयार झाला असे वाटल्यावर शाळेच्या संगणक कक्षात सहावीच्या मुलांसमोर ठेवला. सुरुवातीला आठ ओळींच्या सूचना लिहिल्या होत्या. एकानेही वाचल्या नाहीत. एका मुलाला टोपली हलवायची आहे असे वाटले, तो तीच ओढत बसला. आम्ही मागे उभे राहून सांगू लागलो. मग लक्षात आले की खेळासोबत प्रत्येक घरी आम्ही जाणार नाही. जे न सांगता कळत नाही, ते आमच्याकडून बनवायचे राहिले आहे.

त्यानंतर जे झाले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. एक मुलगी बसली. मुळात अबोल. 'पाणी' आले, तिने 'तो'मध्ये टाकले. आम्ही चुकीसाठी मोठा भोंगा लावला होता, तो वाजला. पडद्यावर लाल अक्षरांत 'चूक!'. मागची मुले हसली. पुढे 'दूध' आले, तेही तिने 'तो'मध्ये टाकले. पुन्हा भोंगा, पुन्हा हशा. तिसऱ्या शब्दाला तिने कळफलकावरून हात उचलले आणि म्हणाली, "सर, मला नाही खेळायचं." उठून मागे जाऊन बसली.

तो हशा आम्ही आधी ऐकला होता. आमच्याच दस्तरखानावर.

पाणी आणि दूध तिने पुल्लिंगी धरले, कारण तिच्या घरच्या भाषेत ते पुल्लिंगीच आहेत. तिची चूक म्हणजे तिला एक भाषा पक्की येत असल्याचा पुरावा होता. भोंग्याने तिला काय शिकवले? एवढेच, की इथे चुकलो तर सगळ्यांसमोर वाजवले जाते.

त्या रात्री भोंगा काढून टाकला. आता चुकीच्या टोपलीत गेलेला शब्द चेंडूसारखा उसळून वर जातो आणि पुन्हा, जरा सावकाश, खाली येतो. येताना सोबत एक छोटे वाक्य घेऊन येतो: 'माझे पाणी', 'गरम दूध सांडले'. गुण वाढत नाहीत, पण कमीही होत नाहीत. पुढच्या आठवड्यात ती मुलगी पुन्हा बसली. 'पाणी' तीनदा उसळले, चौथ्यांदा 'ते'मध्ये गेले. ती काही बोलली नाही, पण उठलीही नाही.

खेळ बनवताना खुद्द आम्हाला काय मिळत होते, हेही तेव्हा उमगले. सात महिन्यांत आमचा संगणक आम्हाला हजार वेळा 'चुकले' म्हणाला. पण तो एकांतात म्हणाला. कोणत्या ओळीत चुकले ते सांगितले आणि पुन्हा करू दिले. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षीही शिकता आले. स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याला मास्तर लागत नाही, वर्ग लागत नाही. चूक परवडेल अशी एक जागा मात्र लागते. भाच्याने ती जागा आमच्या घरात, रात्री साडेबाराला शोधली होती.

आता माफीचे. एक दोष आम्हाला सुटत नव्हता. एक शब्द टोपलीत पडला की गुण एकाऐवजी दोन वाढायचे. आठवडा गेला. शेवटी एका रविवारी लॅपटॉप घेऊन भाच्याच्या खोलीत गेलो. तो केमिस्ट्री वाचत होता. म्हटले, "बेटा, त्या जुम्म्याला आमची चूक झाली. सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. आणि तू काय करत होतास, ते तेव्हा कळलंही नव्हतं." तो पुस्तकाकडे बघत राहिला. मग लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. "हे आम्ही बनवलंय. एका ठिकाणी अडलंय."

त्याने बराच वेळ आमची सूचनांची पाने वरखाली केली. एकदा ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखे वाटले. आमच्या अडाणी पद्धतीला असेल. मग म्हणाला, "मामू, हिशेब दोघं ठेवतायत. टोपलीही गुण वाढवते आणि शब्दही. एकानेच ठेवायचा." एक ओळ खोडली. चालू केले. एक शब्द, एक गुण.

आम्ही विचारले, "तुझा तो चौकोन... परत करशील?"

"बारावी झाल्यावर बघू," म्हणाला. डिलीट केलेले परत आले नाही. येणारही नाही. पाच महिन्यांची त्याची मेहनत आमच्या एका विनोदाला गेली, हा हिशेब आमच्या नावावर आहे.

ज्यांच्या घरी असे एखादे मूल आहे, किंवा ज्यांना स्वतःलाच हे करून बघायचे आहे, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी. पहिला खेळ इतका छोटा घ्या की महिन्याभरात संपेल; अर्धवट टाकलेल्या दहा मोठ्या खेळांपेक्षा पुरा केलेला एक छोटा जास्त शिकवतो. रोजच्या कामाची प्रत त्या दिवसाच्या तारखेने पेन ड्राइव्हवर ठेवा. कोकणातल्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आम्ही दोनदा पोळलो. घरी संगणक नसला तर गोडो अँड्रॉइड फोनवरही चालते. पडदा लहान असल्याने त्रास होतो, पण ओळख होते. आणि पैसे आधी घालू नका. इच.आयओ या ठिकाणी आपला खेळ फुकट ठेवता येतो. प्ले स्टोअरवर ठेवायचा तर नोंदणीचे पंचवीस डॉलर एकदाच भरावे लागतात, पण ते नंतरचे.

घरातल्या मोठ्यांची एक काळजी खरी आहे. वेळ. रात्रीची झोप आणि अभ्यास यांना धक्का लागता कामा नये, हे आम्ही आजही म्हणतो. दिवसातला एक तास ठरवून द्यावा आणि तो तास मुलाचा मानावा. आणि बनवणाऱ्या मुलाशी एक गोष्ट जरूर बोलावी: तुझा खेळ खेळणाऱ्याचे काय होईल? व्हिएतनामच्या डोंग न्गुयेनने २०१३ साली 'फ्लॅपी बर्ड' नावाचा साधा खेळ एकट्याने बनवला. जगभर त्याचे वेड लागले, जाहिरातींचा पैसा धो-धो येऊ लागला. लोकांना त्याचे व्यसन लागते आहे असे दिसल्यावर फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने तो स्वतःहून काढून घेतला. खेळणाऱ्याला असा प्रश्न पडत नाही, बनवणाऱ्याला पडतो. म्हणून मूल खेळत असेल आणि बनवत असेल, तर दोन्हींना एकाच काठीने हाकू नये.

'तालीम' हा शब्द उर्दूत शिक्षणासाठी आहे. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, जिथे पडून पडून कुस्ती शिकतात. आम्हाला दोन्ही भाषा येतात, पण हे दोन अर्थ एकच आहेत, हे कळायला पडणारे शब्द आणि तीन टोपल्या लागल्या.

आज रात्री तुमच्या घरात कुठे दाराखालून उजेड दिसला, तर दार जरूर उघडा. विचारा, "काय बनवतोयस? दाखव बघू." मग घड्याळ दाखवून झोपायला लावा. पण आधी ते बघा.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.